तांबेरा आणि वटवट्या



पिंजौर हे शिवालिकच्या पायथ्याशी वसलेले गाव. हिवाळ्यात हिमालयाकडून मैदानात उतरणाऱ्या दोन चिमुकल्या जीवांची तुलना येथे करणे मला उचित वाटते. एक हिरवट वटवट्या हा पक्षी, तर दुसरी गव्हावरील पिवळ्या तांबेऱ्याची बुरशी. वटवट्या स्वबळावर थेट आपल्या महाराष्ट्रातील आमरायांपर्यंत पोहोचतो व वसंतात माघारी जातो. बुरशीचे बीजाणू वाऱ्याच्या मर्जीने येतात आणि पायथ्याच्या थंड, दमट शेतांत प्रथम रुजतात. त्यांना परतीची वाट नाही. मैदानातील उन्हाळ्यात तांबेरा तगत नाही, दरवर्षी तो डोंगरांतूनच नव्याने येतो, हे प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले.

दोहोंची खरी ओळख मात्र नुसत्या डोळ्यांनी पटत नाही. वटवट्यांच्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की जाणकारही आधी कान देतात. तिबेटच्या पठाराभोवती हिरवट वटवट्याच्या उपजातींचे कडे आहे. सायबेरियात त्याची दोन टोके एकत्र येतात, पण तेथील पक्षी एकमेकांच्या गाण्याला आपले मानीत नाहीत. डॅरेन अर्विन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे सिद्ध केले.

तांबेरा गात नाही. त्याची ओळख गव्हालाच विचारावी लागते. मेहता यांनी सिमल्यात सुरू केलेल्या फ्लॉवरडेल येथील केंद्रात निवडक वाणांच्या कोवळ्या रोपांवर बीजाणू सोडतात. कोणते वाण बळी पडले आणि कोणते तगले, यावरून वंश ठरतो. ही केवळ विद्वानांची हौस नव्हे. १९९५ मध्ये प्रसारित झालेला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण उत्तरेत दूरवर पसरला. त्याची प्रतिकारशक्ती भेदणारा ७८एस८४ हा वंश पुढे आला आणि त्याच वाणावर विसंबलेली शेते पिवळी पडली. दिसण्यात तो जुन्या वंशांहून वेगळा नव्हता.

म्हणून जानेवारीत शेतात फेरी मारताना पिवळे पान दिसले, तर ते बोटांनी चोळून पाहावे. पाण्याने वा नत्राच्या कमतरतेने पिवळ्या पडलेल्या पानाचा रंग बोटाला लागत नाही. हळदीसारखी भुकटी लागली, तर फवारणीपूर्वी दोन-चार पाने कागदी पाकिटात घालून कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावीत. प्लास्टिकमध्ये ती कुजतात आणि वंश ओळखणे अवघड होऊन बसते.