पावसाचा शब्द



कोणाच्या शब्दावर विसंबावे, हा प्रश्न आपल्या परभणी जिल्ह्यात मृगाच्या तोंडावर दरवर्षी उभा राहतो. कापूस-सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे, बहुधा कर्जाऊ काढलेले, कोणाच्या तरी शब्दावर मातीत जातात. मग पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणी कपाळी येते.

जो चुकतो तो अविश्वसनीय, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. 2002 साली हवामान खात्याने देशात सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला आणि पडला 81 टक्के! खात्याची चांगलीच शोभा झाली. परंतु आकडा आधी जाहीर केलेला होता, म्हणून तर चूक मोजता आली. आणि 2003 पासून खात्याने अंदाजाची रीतच बदलली.

आता पंचांगातली नक्षत्रांची वाहने पाहा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. किती आणि कोणत्या गावी, ते विचारायचे नाही. ‘काही भागांत चांगली वृष्टी, काही भागांत खंडवृष्टी’ हे वाक्य कधी खोटे ठरेल काय? एवढ्या मोठ्या मुलखात दोन्ही घडतेच! खात्याचे ‘तुरळक ठिकाणी’ही तसलेच, असे कोणी म्हणेल. पण त्या शब्दाला माप आहे. नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा, असा त्याचा अर्थ ठरलेला आहे.

आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने मोबाइलवर आलेल्या भाकितावर भरवसा ठेवून पेरले. पाऊस आला नाही. भाकीत सांगणाऱ्याने त्याविषयी चकार शब्द काढला नाही. जुने खरे ठरलेले भाकीत मात्र पुन्हा पुन्हा दाखविले. मी विचारले, “त्यांचेच का ऐकलेत?” ते म्हणाले, “गुरुजी, ते ठाम सांगतात हो. खात्याचं आपलं ‘शक्यता, शक्यता’!” म्हणजे ज्याने शंका बोलून दाखविली, तोच लटका ठरला!

आपल्या इथले कृषी विद्यापीठ सांगते की, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. यात भाकीत मुळी नाहीच; पडलेले पाणी मोजायचे आहे. त्या गृहस्थांनी पुढल्या वर्षी पर्जन्यमापक आणून अंगणात रोवला. रोज सकाळी आकडा वहीत लिहितात. मृगाचे वाहन कोणते, हे मात्र अजून विचारतात.