बिल वाचून दाखवणारे दुकान

आज पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज एका दुकानाविषयी बोलणार आहे.

आम्ही मुंबईत नायगावला राहत होतो. वडील गिरणीत, आई निरक्षर. सामान गल्लीतल्या दुकानातून उधारीवर यायचं. दुकानदार वहीत लिही, महिनाअखेरीस आकडा सांगे, आई पैसे मोजी. मी तिसरीत गेलो तेव्हा ती वही वाचली. आम्ही गावी गेलो होतो त्या दिवसांतही गोडेतेल मांडलेलं! मी ते मोठ्यानं म्हटलं. आईनं माझा हात दाबला आणि पैसे देऊन टाकले. भांडली असती तर उधारी बंद झाली असती. घरी येताना ती एक शब्द बोलली नाही.

त्याच नायगावात 1948 साली कामगारांचं सहकारी दुकान निघालं होतं, अपना बाजार. पुढे ते वाढत वाढत मोठं भांडार झालं. धान्य, कापड, भांडी, वह्या, सारं एका छपराखाली. प्रत्येक मालावर किंमत लिहिलेली. घासाघीस नाही.

ही एकभावाची रीत पॅरिस शहरात बुसिको नावाच्या व्यापाऱ्यानं गाजवली. 1852 साली तो ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. भाव ठरलेला, दुकानात हिंडायला मोकळीक, माल पसंत नसेल तर परत. आपल्याकडे अशी मोठी दुकानं आधी फोर्टात होती, पण ती साहेबलोकांची. गिरणीकामगाराची बायको तिथं कशाला पाऊल टाकते!

भांडारात आईनं माझ्या शर्टाचं कापड घेतलं. विक्रेत्यानं कापड मापलं, कार्बन घालून बिल केलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं, “बाई, हा दर, हे मीटर, ही बेरीज.” मग मला म्हणाला, “बाळ, तू वाच बघू.” मी वाचलं. आई दोघांकडे बघत राहिली.

थोडं कापड भिजवून पाहिलं तर रंग गेला. आई कापड घेऊन परत गेली. बिल तिनं कुंकवाच्या पेटीत जपलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, पण तो कागद आपल्या बाजूचा आहे एवढं तिला कळलं होतं. कापड बदलून मिळालं, नवं बिलही मिळालं. त्या दिवशी घरी येताना ती सारखी बोलत होती.

सगळंच गोड होतं असं नाही हं! रांगेत पाय दुखायचे, कधी विक्रेते खेकसायचेही.

आता मोठ्या मॉलमध्ये माल आपणच उचलायचा. विचारायला माणूस सापडत नाही. 1990 पासून पुडक्यावर करांसह कमाल किंमत छापावी लागते, हे चांगलंच झालं. पण अक्षर मुंगीएवढं! मला चष्मा लावूनही दिसत नाही. आणि बिल वाचत उभं राहिलं की मागचे लोक चुळबुळ करतात. करू द्यात. मी वाचतो.

आई गेल्यावर कुंकवाची पेटी उघडली. तळाशी ते दुसरं बिल होतं. आज बरोबर आणलं आहे. शाई फिकी झाली आहे, पण लागतं.

पुढं बसलेल्या मावशी, घ्या. आधी वरची तारीख वाचा.