घोडं कुठं पेंड खातं



काम अडलं की आपण विचारतो, घोडं कुठं पेंड खातंय? माझ्या दारात हा प्रश्न रोज पहाटे साडेपाचला खराखुरा पडतो. नेरळजवळ आमच्या वाडीवर एक घोडी आहे, धन्नो. नाव मी ठेवलेलं नाही. 'शोले' पाहिलेल्या कुणीतरी ठेवलं असणार. वय चोवीस, म्हणजे आपल्या हिशेबात सत्तरी गाठलेली. उमेदीची सगळी वर्षं तिनं माथेरानच्या लाल मातीत माणसं वाहिली. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही, त्यामुळे तिथले कितीतरी संसार घोड्याच्याच पाठीवर चालतात.

तिचा मालक एक दिवस तिला घेऊन दारात आला. म्हणाला, "ताई, हिच्यावर आता जीन टाकवत नाही, आणि विकवत तर मुळीच नाही." पैसे घेतले नाहीत. धर्माची गाय आणि दात का गं नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मीही दात पाहिले नाहीत, आणि तिथंच चुकले.

कारण म्हाताऱ्या घोड्याचं सगळं गणित दातांत असतं. घोड्याचे दात हिरडीतून जन्मभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून चावून जवळपास तेवढेच झिजतात. पण हिरडीतली शिल्लक मोजकीच. पंचविशी आली की ती संपत येते. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आधी ओठ वर करून बघतो, तो उगीच नाही. वरच्या ओळीत कडेच्या पुढच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते, विसाव्याला टोकाशी पोचते. पुढे वरूनच पुसत जाते. अंदाजच तो, पण तोंडी सांगितलेल्या वयापेक्षा बरा.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. गव्हाणीखाली रोज हिरवे, ओले बोळे पडलेले दिसायचे, लिंबाएवढे. मला वाटलं, बाई नखरे करतेय. गवत बदलून पाहिलं, तरी बोळे पडतच राहिले. गव्हाण भरलेली आणि घोडीच्या बरगड्या मोजता येतायत, असं महिनाभर चाललं. मग डॉक्टरांनी तोंडात हात घालून दाखवलं. दोन दाढा गेलेल्या, बाकीच्यांच्या कडा सुरीसारख्या. गवत दळलं जात नव्हतं, म्हणून ती गालात गोळा करून टाकून देत होती. त्यांनी कानशीनं कडा घासल्या आणि वाळलं गवत बंद करायला सांगितलं. न चावलेला चारा आतड्यात अडकला की शूळ उठतो. आणि घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलं ते मागच्याच वाटेनं जायचं, नाहीतर जीव जायचा.

तेव्हापासून तिची चंदी रात्रीच भिजत पडते. गव्हाचा कोंडा, भरडलेला हरभरा, मूठभर शेंगदाणा पेंड, मीठ. सकाळी कोमट पाणी घालून खिरीसारखं पातळ करायचं. ते संपवायला ती तासभर घेते. घोडं कुठं पेंड खातं, तर आमच्या पडवीत, घमेल्यात.

खुरांचंही तसंच. कामाबरोबर नाल सुटले, पण नालबंद सुटला नाही. सहा-सात आठवड्यांनी येऊन तो खूर तासतो. एक पाय उचलला की सगळा भार उरलेल्या तिन्हींवर येतो आणि सांधे दुखतात. म्हणून हा माणूस तिचा पाय जेमतेम वीतभर उचलतो, चार घाव तासतो, खाली ठेवतो, बिडी ओढतो, मग पुन्हा उचलतो. घाई असलेला नालबंद म्हाताऱ्या घोड्याला बोलावूच नये.

हे सगळं कमाई थांबल्यावर सुरू होतं, आणि भार पडतो तो मालकावर. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. घोडं थकलं की शिलेदाराच्याच दाराशी. आजचा घोडेवाला शिलेदारच की! त्याच्या तबेल्यात दोन घोड्यांची जागा आणि घरात चार पोरं. त्यानं थकलेलं घोडं सोडलं, तर त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. शर्यतीचं शिंगरू दुसऱ्या वर्षी पळायला लागतं आणि बहुतेकांचं पळणं पाच-सहा वर्षांच्या वयात संपतं. पुढची वीस वर्षं कुणी पोसायची? 2015 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, तेव्हाही हाच प्रश्न होता. मुक्या जनावराला उपाशी सोडून देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे खरा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत धन्नोचं एक दिवसाचं भागत नाही.

मला सगळ्यात उशिरा कळली ती तिची झोप. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेला त्याला आडवंच व्हावं लागतं. म्हातारं घोडं आडवं व्हायला भितं, कारण उठताना कळा येतात. मग झोप साचते, आणि उभ्याउभ्याच पुढचे पाय दुमडतात. धन्नोच्या पुढच्या पायांच्या सांध्यांवर खरचटल्याच्या खुणा होत्या. मी त्या दगडाच्या समजत होते. तिचा जुना मालक दर गुरुवारी गूळ घेऊन येतो. येताच आधी लीद बघतो, मग घोडी, मग मला विचारतो, "ताई, बरं आहे ना?" खुणा त्यानंच ओळखल्या. "ही झोपत नाही," म्हणाला, आणि आम्ही तबेल्यात भाताचा पेंढा ढोपरभर अंथरला.

आठवडाभर ती त्यावर नुसती उभी राहिली. कालच्या पहाटे घमेलं घेऊन गेले, तर पेंढ्यात मधोमध मोठा खळगा पडलेला होता. धन्नो त्याच्या शेजारी उभी, आणि शेपटीत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या.