गादी कापली की शिवली?

(मंडळाच्या आरोग्यविषयक व्याख्यानातून)

दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली की पेशंट बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. दोन-तीन बारीक टाके पाहून घरचे म्हणतात, “एवढंच ना? चला अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना!” पण वरची जखम लवकर भरली, तरी आतली तिच्या गतीनेच भरते.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा : गुडघ्यातली गादी कापली की शिवली? फाटका तुकडा नुसता काढला असेल, तर बहुतेकांना लगेच पाय टेकता येतो आणि ४ ते ६ आठवड्यांत रोजची कामं जमू लागतात. गादी शिवली असेल, तर तेवढे आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायला सहसा मनाई असते. उकिडवं बसणं तर काही महिने नाहीच.

मांडीचा स्नायू लवकर वाळतो. तो आवळून ५ सेकंद धरा, मग सोडा. हा व्यायाम डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. सूज असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. ताप आला, जखमेतून पू आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली तर थेट इस्पितळात जा.

यंदा खुर्चीवर बसून अथर्वशीर्ष म्हणा. बाप्पापर्यंत तेही पोहोचतं.

गणपती बाप्पा मोरया!