मालमोटारचालकाचा मुक्काम



माल वाहून नेणाऱ्या माणसांशी यवतमाळ जिल्ह्याचा संबंध फार जुना आहे. रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी धान्य व मीठ यांची दूरवरची ने-आण बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत असत. त्या तांड्यांचे वंशज आज पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत शेती करून स्थिरावले आहेत. त्या काळच्या वाहतुकीची एक रीत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बैल थकला की तांडा थांबे. जेथे पाणी, चारा आणि सावली असेल तेथे गोण्या उतरत आणि जनावरांना विसावा मिळाल्यावरच पुढची वाट धरली जाई. मुक्काम हा प्रवासाचाच एक भाग मानला जाई.

आज बैलांच्या जागी मालमोटार आली. वेग वाढला, अंतर वाढले, बोजा कित्येक पटींनी वाढला. मुक्काम तेवढा मागे राहिला.

जिल्ह्याचा माल, चालकाचे हात

श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, जुन्या माणसांच्या तोंडचा ‘सात नंबर’, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून जिल्हा ओलांडतो आणि पैनगंगा पार करून तेलंगणात आदिलाबादकडे जातो. नागपूर–तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड या वाटेने नांदेडच्या दिशेस उतरतो. वणी भागातील दगडी कोळसा, मुकुटबनचे सिमेंट, ठिकठिकाणच्या जिनिंग-प्रेसिंगमधील कापसाच्या गाठी हे सारे याच रस्त्यांवरून बाहेर पडते. एकेकाळी कापसासाठीच बांधलेली मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची ‘शकुंतला’ आता बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लोहमार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. परंतु शेताच्या बांधापासून कारखान्याच्या दारापर्यंतचा भार अद्यापि प्रामुख्याने रबरी चाकांवरच आहे.

कापसाची एक गाठ १७० किलोची. अशा शंभर गाठी चढविल्या की १७ टनांचा बोजा होतो. त्यात कित्येक कुटुंबांच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल असते आणि ते परप्रांतातील गिरणीपर्यंत सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी एका चालकावर, फार तर त्याच्या सोबतच्या क्लीनरवर असते. पीक काढणाऱ्याचे कौतुक होते, कापड विणणाऱ्याचेही होते. या दोघांना जोडणारा मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही.

खेपेची रीत

खेप निघते ती चाक फिरण्याच्या कितीतरी आधी. माल भरण्यासाठी नंबर लागतो, हमाल मिळावे लागतात, काट्यावर वजन होते, बिल्टी तयार होते. मग ताडपत्री ओढून दोरखंड आवळले जातात. कापसाच्या गाडीत ठिणगीचे भय, कोळशाच्या गाडीत धुळीचे. म्हणून ताडपत्रीची प्रत्येक गाठ चालक स्वतः तपासतो. लोखंडी कांबीने टायरवर ठोकून तो केवळ आवाजावरून हवेचा अंदाज घेतो. उताराला लागण्यापूर्वी गिअर खाली आणावा, ब्रेक तापू देऊ नये, हे ज्ञान त्याला एखाद्या उस्तादाच्या शेजारी बसून, क्लीनर म्हणून वर्षानुवर्षे काढल्यावर मिळालेले असते. घरी वऱ्हाडी बोलणारा हा माणूस वाटेत हिंदी बोलतो, ढाब्यावर पंजाबी समजून घेतो, आणि पैनगंगेपलीकडे कामापुरती तेलुगूही निभावून नेतो.

त्याचा संसार त्या केबिनमध्येच असतो. स्टोव्ह, पाण्याची कॅन, देवाची तसबीर, लेकरांचा फोटो. वैशाखात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा बाहेरचे ऊन आणि आतले इंजिन यांच्यामध्ये तो बसलेला असतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि रस्त्यावरील जुन्या गाड्यांतील चालकांना त्याचा लाभ मिळण्यास काळ लागेल.

उणीव झोपेची

या जीवनातील सर्वांत मोठी उणीव कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येईल : झोप. भाडे खेपेवर ठरते आणि माल उतरविण्यासाठी रांगेत गेलेल्या दिवसाचे मोल बहुधा कोणी देत नाही. तो गेलेला वेळ मग रात्रीच्या झोपेतून भरून काढला जातो. चालकाचे काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांहून सर्वसाधारणपणे अधिक नसावे, सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती मिळावी, असे बंधन संसदेने मोटार परिवहन कामगार अधिनियमाद्वारे १९६१ मध्येच घातले होते. कागदावरील ही विश्रांती प्रत्यक्षात उतरायची तर ती घेण्यासाठी जागा हवी. जागा नसेल तर गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी राहते. अंधारात उभी असलेली मालमोटार मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी काळ ठरू शकते. आणि डुलकी आलेला चालक स्वतःसह सर्वांसाठीच.

करंजीचा धडा

अशा वेळी विसाव्याचे मोल काय असते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली. ढाबे आणि गॅरेज बंद पडले, पण अन्नधान्य व औषधे घेऊन गाड्या धावतच होत्या. याच महामार्गाने हजारो मजूर पायी गावाकडे निघाले होते. त्या दिवसांत करंजीनजीक, वाई येथील गुरुद्वाराच्या वतीने बाबा करनैल सिंग खैरा यांनी वयाच्या ऐंशीनंतर लंगर अखंड चालविला. मजूर, प्रवासी आणि मालमोटारींचे चालक अशा लाखो लोकांना तेथे अन्न मिळाले. कोणाची जात, प्रांत वा भाषा विचारली गेली नाही. एका ठिकाणच्या सेवाभावाने एवढे साधते, तर संघटित प्रयत्नाने कितीतरी साधेल!

गावाच्या हाती काय आहे?

महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी संबंधित विभागाकडे पाठपुरावा करून रस्त्यापासून अलग अशी वाहनतळाची जागा, पिण्याचे पाणी, शौचालय आणि दिवा एवढ्या चार गोष्टी मिळविल्या तरी मोठे काम होईल. बाजार समित्यांनी माल उतरविण्याचा क्रम ठरवून दिला तर चालकाचे तास वाचतील. शिक्षकांनी लक्षात ठेवावे की, वर्गातील एखाद्या मुलाचे वडील महिन्यातून चार-सहा दिवसच घरी असतात. ते आले असताना त्यांच्याशी झालेले दोन शब्द त्या मुलाला शाळेत टिकवून ठेवू शकतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अपघातातील जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे १९८८ चा मोटार वाहन अधिनियम सांगतो. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते अशक्य झाल्यास त्याला सूटही देतो. जमावाच्या भयाची दखल कायद्यालाही घ्यावी लागली, ही बाब समाजाला भूषणावह नाही. चालकाचा दोष असेल तर त्याचा निवाडा न्यायालय करील. गावाने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, ११२ वर पोलिसांना कळवावे आणि जखमीबरोबर चालकाचेही रक्षण करावे. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे संरक्षणही दिले आहे.

तांड्याचा नायक बैलाला थकू देत नसे, कारण बैल थकला तर व्यापार थांबेल हे तो जाणून होता. मालमोटार चालविणारा तर माणूस आहे. त्याच्या गाडीतला माल आपला आहे, त्याच्यापुढचा रस्ता आपल्या गावावरून जातो. त्या रस्त्यावर त्याला निर्धास्तपणे चार तास डोळे मिटता येतील अशी जागा देणे, हाच त्याचा खरा गौरव होय.