हजेरीपटाबाहेरच्या श्रमांची नोंद घ्या



सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूर-परतवाडा ही आमची जुळी नगरी वसली आहे. इमादशाहीच्या काळात वऱ्हाडची राजधानी असलेलं अचलपूर पुढे कापसावर जगलं. एकेकाळी मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वेही कापसासाठीच आली.

मुंबईच्या गिरणगावातली फिनले मिल नव्या रूपात इथे उभी राहिली आणि मार्च 2020 च्या टाळेबंदीत बंद पडली. शेकडो घरांवर घाव बसला. तरीही गिरणी कामगाराचं नाव हजेरीपटावर असतं, भविष्य निर्वाह निधीचं खातं असतं. त्या नोंदीच्या बळावर तो हक्क मागू शकतो. त्याच गिरणीसाठी कापूस वेचणाऱ्या बाईजवळ काय असतं? वेचणीची मजुरी किलोवर. संध्याकाळी काटा झाला की तिचा हिशेब मिटला. कंबर धरली, साप चावला, तर दवाखाना तिच्या पदराला. मेळघाटातून कामासाठी खाली उतरणाऱ्या कोरकू कुटुंबांची गतही तीच. वर लेकरांची शाळा सुटते ती वेगळीच.

नोंदीतून हक्क उभा राहतो, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 साली कायदा झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, अशी ती हमी होती. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांनी 1975 पासून व्यवसाय कर भरला. कुमुदिनी दांडेकर, मंजू साठे यांच्यासारख्या संशोधकांनी कामावरच्या मजुरांची पाहणी केली, म्हणून ही योजना कोणापर्यंत पोचते यावर पुराव्यानिशी बोलता आलं.

म्हणून आम्हा वऱ्हाडकरांचं आपणा अभ्यासकांकडे मागणं आहे. वेचणीच्या हंगामात शेतावर या. शेतमालकाला विचाराल तेच मजूर बाईलाही विचारा. तिचे कामाचे तास, दुखणी, बिनमजुरीची घरकामं मोजा. आणि निष्कर्ष मराठीत, कोरकूत तिच्यापर्यंत परत आणा, म्हणजे ग्रामसभेत ती ते हातात धरून बोलेल.