गोळी आणि पेलाभर पाणी



गोळी गिळली की ती छातीत अडकल्यासारखी वाटते, अशी तक्रार आपल्यापैकी पुष्कळ जणी करतात आणि घरची मंडळी ती हसण्यावारी नेतात. पण हे नुसते मनाचे खेळ नव्हेत. अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब. तिचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून घास खाली ढकलतात. पाणी कमी पडले की गोळी मध्येच अस्तराला चिकटते. ती पोटात गेल्यावरही दुखावलेली जागा टोचत राहते. डॉक्सिसायक्लिन किंवा हाडांच्या ठिसूळपणावरची अलेंड्रोनेट चिकटल्या जागी व्रणही करू शकते.

कॅप्सूलची तऱ्हा निराळी. ती हलकी, पाण्यावर तरंगते. आपण मान मागे टाकतो आणि ती दातांशीच राहते! तेव्हा हनुवटी छातीकडे झुकवून गिळावी. २०१४ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनीही हेच सुचविले.

घरातल्या सर्वांची औषधे आपण वेळेवर देतो. स्वतःची गोळी मात्र ओटा आवरून, घोटभर पाण्याबरोबर घेतो आणि लगेच आडव्या होतो. भगिनींनो, पेलाभर पाणी प्या, अर्धा तास बसा. तेवढा वेळ आपल्या हक्काचा आहे. गिळताना दुखतच राहिले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.